ट्यूना आणि फुप्फुसमीन: दोन अगदी वेगळ्या माशांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलनेसाठी हेच दोन मासे का निवडले आहेत?

दोन माशांची तुलना बहुधा आकारापाशी येऊन थांबते: एक केवढा अजस्र आणि दुसरा केवढा चिमुकला. ट्यूना आणि फुप्फुसमीन यांच्यातील भेद याहून खोल आहे. ट्यूनाला जन्मभर पोहणे थांबवता येत नाही, तर फुप्फुसमीन तळ्यातले पाणी पूर्ण आटल्यावरही महिनोन् महिने तग धरू शकतो. तरीही दोघांपुढचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे प्राणवायू कोठून मिळवायचा आणि तो किती वेगाने खर्च करायचा. शरीराची ठेवण, वेग, हृदय, पर, पिल्लांची वाढ यांतले बहुतेक फरक शेवटी याच प्रश्नाशी येऊन मिळतात, असे माझे मत आहे. त्यामुळे पुढील उत्तरे वारंवार श्वसनाकडे वळलेली दिसतील.

येथे नेमक्या कोणत्या जातींचा विचार केला आहे?

ट्यूना म्हणजे येथे अटलांटिक महासागरातला ब्लूफिन ट्यूना, ज्याचे शास्त्रीय नाव थुन्नस थिन्नस आहे. मराठीत कुपा किंवा गेदर म्हणून ओळखले जाणारे मासे याच घराण्यातले आहेत. फुप्फुसमिनांच्या आज सहा जाती जिवंत आहेत: चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात. येथे मुख्यतः प्रोटोप्टेरस ॲनेक्टेन्स या आफ्रिकी जातीचा विचार केला असून, इतर जातींचा संदर्भ जेथे आला आहे तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे. हा भेद पाळणे आवश्यक आहे, कारण ऑस्ट्रेलियातील जातीच्या सवयी आफ्रिकी जातींपेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत आणि अनेक ठिकाणी दोन्हींची सरमिसळ झालेली आढळते.

दिसण्यात कोणता फरक आहे?

ट्यूनाचे शरीर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये भरदार आणि अतिशय टणक असते. पृष्ठभागावर पाण्याला अडेल असे काहीही नसते: पहिला पृष्ठपर खाचेत मिटतो, छातीचे पर अंगालगतच्या खोलगट जागेत चपखल बसतात आणि डोळेसुद्धा डोक्याच्या पातळीबाहेर येत नाहीत. शेपूट चंद्रकोरीसारखी असून तिच्याआधी लहान लहान पिवळसर परांची रांग असते. पूर्ण वाढलेला मासा तीन मीटरांपर्यंत लांब होतो. १९७९ साली कॅनडातील नोव्हा स्कॉशियाजवळ पकडलेल्या एका ट्यूनाचे वजन ६७९ किलोग्रॅम भरले होते.

फुप्फुसमीन लांबट, मऊ आणि वामेसारखा दिसतो. प्रोटोप्टेरस ॲनेक्टेन्स साधारण एक मीटरपर्यंत वाढतो. त्याचे चारही पर दोऱ्यांसारखे बारीक असतात आणि शेपटीभोवतीचा पर सलग असतो. १८३७ साली दक्षिण अमेरिकी जातीचे आणि १८३९ साली आफ्रिकी जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा हा मासा मानावा की उभयचर, यावर गंभीर वाद झाला होता. समोर फुप्फुसे आणि खवले दोन्ही दिसत असताना असा वाद होणे स्वाभाविकच होते.

ट्यूना थांबला तर गुदमरतो, हे खरे आहे का?

होय. बहुतेक मासे तोंड आणि कल्ल्यांवरची झाकणे आळीपाळीने उघडमिट करून कल्ल्यांवरून पाणी ढकलतात, त्यामुळे एका जागी स्थिर राहूनही त्यांचा श्वास चालू राहतो. ट्यूना या पंपावर जगू शकत नाही. तो तोंड किंचित उघडे ठेवून पुढे जातो आणि त्याच्या गतीमुळेच पाणी कल्ल्यांवरून वाहते. गती थांबली की प्रवाह थांबतो आणि मासा प्राणवायूअभावी मरतो. थांबण्याला आणखी एक अडसर आहे: ट्यूनाचे शरीर पाण्यापेक्षा जड असते आणि छातीच्या परांवर मिळणारी उचल गतीवरच अवलंबून असते, म्हणून थांबलेला ट्यूना बुडूही लागतो.

या व्यवस्थेचा लाभ असा की पंपाचे काम वेगळे करावे लागत नाही. पोहण्याच्या स्नायूंनीच श्वसनाचेही काम होते. शिवाय ट्यूनाच्या कल्ल्यांचे एकूण क्षेत्रफळ तेवढ्याच वजनाच्या सामान्य माशापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते आणि त्यांवरचा पडदा अत्यंत पातळ असतो. त्यामुळे वाहत्या पाण्यातला प्राणवायू तो असामान्य प्रमाणात शोषून घेऊ शकतो.

मग फुप्फुसमीन पाण्यात बुडून मरू शकतो का?

मरू शकतो. आफ्रिकी फुप्फुसमिनाला पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही तो गुदमरतो, कारण प्रौढ माशाचे कल्ले क्षीण झालेले असतात. कल्ल्यांच्या काही कमानींवर तर तंतूच उरलेले नसतात आणि रक्त तेथून सरळ पुढे निघून जाते. लागणारा प्राणवायू जवळजवळ सगळा हवेतून येतो. कल्ले आणि त्वचा यांचा उपयोग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडण्यासाठी होतो. ऑस्ट्रेलियातील जात येथे अपवाद आहे. तिला एकच फुप्फुस असते, ती प्रामुख्याने कल्ल्यांवर जगते आणि हवेचा आधार गरजेपुरताच घेते.

पाण्यात गुदमरण्याची शक्यता दोन्ही माशांना आहे, पण कारणे अगदी उलट आहेत. ‘मासा पाण्यात श्वास घेतो’ हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो, आणि त्या ओळीत हे दोन्ही मासे नीट बसत नाहीत.

कल्ले असताना हवेत श्वास घेण्याची गरज का पडली?

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, ते पूर्ण संपृक्त असले तरी, पाच ते दहा मिलिलिटरच मिळतो आणि पाणी तापत जाईल तसा तो आणखी घटतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, म्हणजे तोच प्राणवायू मिळवण्यासाठी कितीतरी जड माध्यम हलवावे लागते. उथळ, उबदार आणि कुजत्या वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात प्राणवायू जवळपास संपतो. तेथे कल्ले कितीही उत्तम असले तरी त्यांना शोषण्यासारखे काही उरत नाही. वरच्या हवेत मात्र तो अमाप असतो.

फुप्फुसमीन तोंडात हवा घेतो आणि तोंडाच्या स्नायूंनी ती फुप्फुसांत ढकलतो. बेडूकही असाच श्वास घेतो. छातीचा पिंजरा फुगवून हवा आत ओढण्याची आपली पद्धत त्याच्याकडे नाही.

ट्यूनाला उष्ण रक्ताचा मासा म्हणणे योग्य आहे का?

अंशतः योग्य आहे, आणि हा अंश समजून घेण्यासारखा आहे. ट्यूनाच्या गटातील माशांचे शरीर पाण्यापेक्षा गरम असते, याची नोंद ब्रिटिश वैद्य जॉन डेव्ही यांनी १८३५ मध्येच केली होती. माशांमध्ये हे इतके दुर्मीळ असण्याचे कारण कल्ल्यांत आहे. स्नायूंत निर्माण झालेली उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांपर्यंत पोहोचते आणि प्राणवायू घेण्यासाठी रक्त पाण्याच्या इतक्या जवळ यावे लागते की तेथे ती उष्णता क्षणार्धात पाण्यात निघून जाते. जितके चांगले कल्ले, तितकी उष्णतेची गळती अधिक. आणि ट्यूनाचे कल्ले तर सर्वोत्तम.

ट्यूनाने हा पेच रक्तवाहिन्यांच्या रचनेने सोडवला आहे. स्नायूंकडून परतणाऱ्या गरम रक्ताच्या शिरा आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताच्या धमन्या केसासारख्या बारीक शाखांत विभागून एकमेकींना खेटून, उलट दिशांनी वाहतात. गरम रक्तातली उष्णता शेजारच्या थंड रक्तात जाते आणि पुन्हा स्नायूंकडेच परतते; कल्ल्यांपर्यंत पोहोचणारे रक्त तोवर थंड झालेले असते. शरीररचनाशास्त्रात अशा जाळ्याला रेटे मिराबिले, म्हणजे ‘अद्भुत जाळे’, असे लॅटिन नाव आहे आणि ते नाव मला मुळीच अतिशयोक्त वाटत नाही. इतर माशांत सतत पोहण्यासाठी लागणारे लाल स्नायू त्वचेखाली असतात. ट्यूनात ते आत, कण्याजवळ असतात, त्यामुळेही ऊब टिकते. मोठ्या ब्लूफिनच्या या स्नायूंचे तापमान थंड पाण्यात सभोवतालापेक्षा २० अंश सेल्सिअसपर्यंत अधिक राहू शकते. मेंदू आणि डोळेही उबदार ठेवले जातात, ज्यामुळे खोल व थंड पाण्यातही नजर तेज राहते.

हृदय मात्र या व्यवस्थेबाहेर आहे. ते पाण्याच्या तापमानाजवळच असते, आणि थंड पाण्यात बुडी मारल्यावर त्याचे ठोके मंदावतात. म्हणूनच ट्यूनाला सस्तन प्राण्यांसारखा पूर्ण उष्ण रक्ताचा म्हणता येत नाही. हृदयासह जवळजवळ सर्व शरीर उबदार ठेवणारा मासा म्हणून ओपाह या माशाची ओळख तर २०१५ मध्ये झाली, आणि तो ट्यूनाचा जवळचा नातेवाईक नाही.

पाणी आटल्यावर फुप्फुसमीन जिवंत कसा राहतो?

पाणी ओसरू लागले की आफ्रिकी फुप्फुसमीन तळाच्या चिखलात तोंडाने बीळ करतो आणि आत गेल्यावर वळून डोके वर करून बसतो. शरीर दुमडलेले असते आणि शेपूट डोक्यावर येते. त्वचेतून भरपूर श्लेष्म स्रवतो. चिखल सुकत जातो तसा हा श्लेष्म वाळून संपूर्ण अंगाभोवती पातळ, चर्मपत्रासारखा कोश तयार होतो, ज्याला फक्त तोंडापाशी छिद्र असते. बिळाच्या तोंडातून आलेली हवा या छिद्रातून थेट आत घेतली जाते. फुप्फुसांशिवाय हे शक्यच झाले नसते, कारण कल्ल्यांची पाती हवेत एकमेकींना चिकटून निरुपयोगी होतात.

या ग्रीष्मनिद्रेत हृदयाचे ठोके अगदी मोजके होतात, प्राणवायूचा वापर एरवीच्या लहानशा अंशावर येतो आणि मासा स्वतःच्याच शरीरातील साठ्यावर, विशेषतः स्नायूंतील प्रथिनांवर, जगतो. येथे एक रासायनिक अडचण उद्भवते. प्रथिने जळली की अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. मासे तो सहसा कल्ल्यांतून पाण्यात सोडतात, पण येथे पाणीच नाही. म्हणून फुप्फुसमीन अमोनियाचे कमी घातक यूरियात रूपांतर करतो आणि पाणी परत येईपर्यंत तो शरीरातच साठवतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० च्या सुमारास याचा सखोल अभ्यास केला. निसर्गात ही अवस्था बहुधा एका कोरड्या ऋतूपुरती, म्हणजे काही महिन्यांची असते. प्रयोगशाळेत मात्र ती वर्षानुवर्षे टिकल्याचे दिसले आहे.

कोशाविषयीची समजूत अलीकडे बदलली आहे. तो निव्वळ वाळलेला श्लेष्म असल्याचे मानले जात होते, परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यात प्रतिकारशक्तीच्या जिवंत पेशी आढळल्या, ज्या जिवाणूंना अडवून ठेवतात. हालचाल न करू शकणाऱ्या शरीराला असे संरक्षण लागणारच.

सर्व फुप्फुसमीन अशी निद्रा घेतात का?

नाही. ऑस्ट्रेलियातील जात ती घेत नाही. आफ्रिकेतील मोठ्या, कायम पाणी असणाऱ्या सरोवरांत राहणाऱ्या जातीलाही तिची गरज क्वचितच पडते.

दोघांचे पर इतके वेगळे का आहेत?

ट्यूनाचे बहुतेक शरीर पोहताना जवळपास ताठ राहते आणि सारा जोर चंद्रकोरी शेपटीत एकवटतो. इतर पर सुकाणूसारखे वापरले जातात. २०१७ मध्ये असे दिसून आले की ट्यूना लसीका संस्थेतील द्रवाच्या दाबाने दुसऱ्या पृष्ठपराचा आणि गुदपराचा ताठपणा बदलतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत लसीकेचा असा यांत्रिक उपयोग होणे विलक्षण आहे.

फुप्फुसमिनाचे बारीक पर पोहायला फारसे उपयोगी दिसत नाहीत, पण २०११ मधील एका अभ्यासात प्रोटोप्टेरस ॲनेक्टेन्स मागच्या परांवर शरीर उचलून तळावरून चालताना, तर कधी दोन्ही पर एकदम टेकवून उड्या घेत जाताना नोंदवला गेला. हवेने भरलेल्या फुप्फुसांमुळे पुढचा भाग हलका होतो, म्हणून अशा नाजूक परांनाही हे जमते. चालण्याची सुरुवात जमिनीवर आल्यानंतरच झाली असावी, या सोयीस्कर कल्पनेला त्यामुळे धक्का बसला.

ट्यूनाचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो का?

हा आकडा सर्वत्र दिसतो, पण तो जुन्या मोजमापांवर आधारलेला आहे आणि आज त्याकडे सावधपणे पाहिले जाते. नेहमीच्या प्रवासात ट्यूना ताशी काही किलोमीटर वेगानेच जातो. माझ्या मते खरा पराक्रम क्षणिक वेगात नाही, तर न थांबता महासागर ओलांडण्यात आणि त्याच प्रवासात हजार मीटरपर्यंत खोल बुड्या मारण्यात आहे.

फुप्फुस आधी की माशाचा वाताशय आधी?

चार्ल्स डार्विन यांनी वाताशयापासून फुप्फुस बनले असे मानले होते आणि हा समज दीर्घकाळ टिकला. आज पुरावे उलट दिशेने बोट दाखवतात: हाडे असलेल्या माशांच्या प्राचीन पूर्वजांना साधी फुप्फुसे होती, आणि ट्यूना ज्या शाखेत येतो तिच्यात पुढे त्यांचेच तरंगण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या वाताशयात रूपांतर झाले. म्हणजे ट्यूनाच्या पूर्वजांनी हवा श्वासात घेण्याची सोय गमावली, तर फुप्फुसमिनाच्या पूर्वजांनी ती जपली.

फुप्फुसमीन ट्यूनापेक्षा माणसाला जवळचा आहे, हे कसे?

‘मासा’ हा शब्द आपण शरीराच्या आकारावरून वापरतो, वंशावरून नव्हे. किरणांसारख्या काड्यांवर ताणलेले पर असणारे मासे आणि मांसल पर असणारे मासे या दोन शाखा ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. ट्यूना पहिल्या शाखेत आहे. दुसऱ्या शाखेतून फुप्फुसमीन आले आणि त्याच शाखेतून चार पायांचे सर्व प्राणीही आले, ज्यांत आपण मोडतो. सीलकँथ या माशाच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने, आज जिवंत असलेल्या माशांपैकी फुप्फुसमीनच आपल्याला सर्वांत जवळचा असल्याचे पक्के केले. त्याच्या हृदयाच्या कर्णिकेत अर्धवट पडदा असतो आणि फुप्फुसांतून आलेले रक्त काही प्रमाणात वेगळे ठेवले जाते. ही व्यवस्था आपल्या हृदयाच्या रचनेची आठवण करून देते.

जनुकसंचाचा आकारही थक्क करणारा आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, ब्लूफिन ट्यूनाच्या एक अब्जाहूनही कमी, आणि आफ्रिकी फुप्फुसमिनाच्या सुमारे ४० अब्ज. दक्षिण अमेरिकी जातीत तर ही संख्या ९० अब्जांच्या पुढे जाते. यावरून तो अधिक गुंतागुंतीचा जीव ठरत नाही. वाढीचे मुख्य कारण स्वतःच्या प्रती करत पसरणारे डीएनएचे तुकडे हे आहे.

दोघांच्या पिल्लांची काळजी कोण घेतो?

ट्यूनाची मादी उबदार समुद्रात एका हंगामात लाखो, मोठी असल्यास कोट्यवधी, अंडी सोडते. सुमारे एक मिलिमीटरची ही अंडी तरंगत राहतात, साधारण दोन दिवसांत फुटतात आणि पुढे पालकांचा काहीही संबंध राहत नाही. फुप्फुसमिनाची अंडी संख्येने कितीतरी कमी असून उथळ पाण्यातल्या घरट्यात घातली जातात आणि नर त्यांची राखण करतो. पिल्लांना सुरुवातीला बेडूकमाशांसारखे बाहेर आलेले पिसासारखे कल्ले असतात. दक्षिण अमेरिकी जातीत विणीच्या काळात नराच्या मागच्या परांवर रक्ताने भरलेले झुपके उगवतात. घरट्यातील पाण्याला त्यांतून प्राणवायू मिळतो, असे त्यांचे स्पष्टीकरण दिले जाते.

कोण अधिक जगतो?

ब्लूफिन ट्यूना सुमारे ४० वर्षे जगू शकतो. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमीन याहून पुढे जातो: शिकागोच्या मत्स्यालयात १९३३ मध्ये आणलेला एक मासा २०१७ पर्यंत जिवंत होता, म्हणजे तेथेच त्याची ८० हून अधिक वर्षे गेली.

यांपैकी कोणता मासा धोक्यात आहे?

अटलांटिक ब्लूफिनची अतोनात मासेमारी झाली होती. १९६६ च्या करारातून निर्माण झालेल्या अटलांटिक ट्यूना संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पकडीवर कठोर मर्यादा आणल्यानंतर पूर्वेकडील साठा सावरला, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात संकटग्रस्त वर्गातून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आली. ही बातमी आनंदाची असली तरी ती अर्धीच सांगितली जाते, कारण मेक्सिकोच्या आखातात वीण करणारा पश्चिमेकडील गट त्याआधीच्या चार दशकांत निम्म्याहून अधिक घटलेला होता. प्रोटोप्टेरस ॲनेक्टेन्स सध्या सुरक्षित मानला जातो, परंतु ऑस्ट्रेलियातील जात संकटग्रस्त आहे. क्वीन्सलँडमधील ज्या मोजक्या नद्यांत ती मूळची आहे, त्यांवरील बंधाऱ्यांमुळे तिच्या विणीच्या उथळ जागा नष्ट होतात.

दोघांना एकमेकांच्या पाण्यात सोडले तर काय होईल?

दोघेही मरतील. पहिले कारण क्षाराचे आहे. समुद्रातल्या ट्यूनाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जात असते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात हीच यंत्रणा त्याच्या विरोधात जाईल. फुप्फुसमिनाची व्यवस्था गोड्या पाण्यासाठी आहे आणि समुद्रात त्याच्या शरीरातले पाणी निघून जाईल. क्षाराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी फारसे बदलणार नाही. उथळ, कोमट तळ्यात ट्यूनाला वेग धरायला जागा मिळणार नाही आणि त्याच्या कल्ल्यांना पुरेल इतका प्राणवायूही नसेल. फुप्फुसमिनाला खुल्या समुद्रात हवा मिळत राहील, पण टेकायला तळ मिळणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक श्वासासाठी त्याला न थांबता पोहत राहावे लागेल.